कॉलऱ्यात पेज का पचते?

पावसाळा मध्यावर आला की नागपूरच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर ‘गॅस्ट्रो’ची बातमी येते आणि आमच्या घरी काका-ताईंची जुंपते. काका पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेले अभियंता. विदर्भातल्या विहिरी, टाक्या आणि ब्लीचिंग पावडरची पोती यांत त्यांची नोकरी गेली. ताई वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. यंदा निमित्त झालं शेजारच्या लहान मुलाच्या जुलाबांचं. त्याच्या आजीनं दूध, भात, पेज, सगळंच तोडलं होतं, आतड्याला आराम म्हणून. ताईनं जाऊन पेज सुरू करायला सांगितलं. काका म्हणाले, ओआरएस द्या आणि बाकीच्या शास्त्रात पडू नका. पुढचं बोलणं जमेल तसं उतरवून घेतलंय. मधूनमधून मीही नाक खुपसलंय.

काका : तुझं ते पेशीच्या आतलं शास्त्र खोटं आहे असं मी कुठं म्हणून राहिलो? कामाचं नाही एवढंच म्हणतो. जंतू तोंडात जाऊ द्यायचा नाही, हे पाणीवाल्याचं काम. गेलाच, तर मीठ-साखरेचं पाणी. जंतूचं विष आत जाऊन कोणत्या एन्झाइमची मानगूट धरते, हे कळून कोणाचा जीव वाचला, ते सांग.

ताई : मीठ-साखरेचं पाणी चालतं कशामुळे, ते तुम्ही सांगा आधी.

काका : पाणी चाललं म्हणून पाणी भरायचं. त्यात काय?

ताई : मग साखर काढून टाका. नुसतं मीठ-पाणी पाजा कॉलऱ्याच्या माणसाला. ते शोषलं जात नाही, खालून निघून जातं. त्यात ग्लुकोज घाला, तेच पाणी अंगात राहतं. आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन आहे. ते ग्लुकोजचा एक रेणू आत घेताना सोडियमचे दोन आयन बरोबर घेतं आणि त्यांच्यामागून पाणी येतं. १९६० साली प्राग इथल्या परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी मांडली. कॉलऱ्याचं विष पेशीत एवढा धुमाकूळ घालतं, पण या वाहकाला धक्का लावत नाही. ओआरएसचं सगळं इंगित तेवढ्यात आहे.

काका : आणि धुमाकूळ म्हणजे नेमका काय?

हे विचारताना काकांचा सूर परीक्षकाचा होता. पण त्यांनी विचारलं म्हणजे त्यांना ऐकायचं असतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

ताई : विषाचे दोन भाग. पाच तुकड्यांचं एक कडं असतं, ते पेशीच्या बाहेरच्या आवरणातल्या एका स्निग्ध रेणूला जाऊन चिकटतं. दुसरा भाग पेशीत शिरतो आणि तिथल्या एका प्रथिनावर रासायनिक शेपूट चिकटवतो. हे प्रथिन अ‍ॅडेनिलेट सायक्लेज नावाच्या एन्झाइमला चालू-बंद करतं. शेपूट लागल्यावर ते चालूच राहतं, बंद होतच नाही.

काका : म्हणजे मोटारचं बटण चिकटलं.

ताई : तसंच. सायक्लेज सारखं चालू राहिलं की पेशीत सायक्लिक एएमपी साचतं, क्लोराइड बाहेर सोडणारा मार्ग सताड उघडतो आणि क्लोराइडमागे सोडियम आणि पाणी आतड्याच्या पोकळीत ओतलं जातं. दुसरीकडे, मिठातला सोडियम आत घेणारा नेहमीचा रस्ता मंदावतो. जोराचा कॉलरा असला तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. आणि प्रतिजैविक दिलं म्हणून चिकटलेलं बटण सुटत नाही. जंतू मरतात, नवं विष तयार होत नाही, आजाराचे दिवस कमी होतात. पण जी पेशी बिघडली ती गळून नवी येईपर्यंत बिघडलेलीच. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं म्हणून बरं.

काका : पण यातलं एन्झाइम तर पचनाचं नव्हे. तू मघाशी त्या आजीला पाचक रसांचं सांगून राहिली होती.

इथे मला वाटतं काकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. जंतूंच्या विषांविषयी बोलताना ‘एन्झाइम बिघडलं’ असं सरसकट म्हणतात आणि दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. सायक्लेज हे पेशीच्या आतल्या निरोपांच्या कामातलं. पचनाची एन्झाइमं वेगळी. त्यांतली बरीच जठरात आणि स्वादुपिंडात तयार होतात, पण शेवटची काटछाट आतड्याच्या पेशीच्या स्वतःच्या कडेवर होते. ही कड सूक्ष्म केसाळ असते, म्हणून तिला ब्रश बॉर्डर म्हणतात. तिथे साखर तोडणारं सुक्रेज, पिष्टाचे तुकडे तोडणारं माल्टेज आणि दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज बसलेलं असतं. ही एन्झाइमं पोकळीतल्या रसात तरंगत नाहीत, त्या कडेतच आहेत, हे १९६१ साली दाखवणाऱ्यांतही क्रेनच होते. एकाच माणसानं साखर कुठे तुटते तेही पाहावं आणि तुटलेली साखर आत कशी जाते तेही सांगावं, हे मला विलक्षण वाटतं.

ताई : पेजेचा मुद्दा तोच तर आहे. कॉलऱ्यात पचनाची एन्झाइमं जवळजवळ शाबूत राहतात. डॉक्टरांना हे फार उशिरा कळलं. एकोणिसाव्या शतकापासून समज असा की कॉलऱ्यात आतड्याचं अस्तरच सोलून निघतं आणि जुलाबातले पांढरे कण म्हणजे तेच. मेल्यानंतर शवविच्छेदन करून पाहिलं की अस्तर सुटलेलं दिसायचं, कारण मेल्यावर ते सुटतंच. थायलंडमध्ये साथ आली तेव्हा गँगरोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९६० साली ते छापून आलं. अस्तर जागेवर होतं, आतड्याचे अंकुर उभे होते.

काका : मग?

ताई : मग अस्तर सोललंय म्हणून उपाशी ठेवा, हा सल्ला कोसळला. तांदळाची पेज पाजली की स्वादुपिंडाचं अमायलेज पिष्टाचे तुकडे करतं, माल्टेज त्यांचं ग्लुकोज करतं, आणि ते ग्लुकोज वाहक प्रथिनाच्या अगदी शेजारी सुटतं. शिवाय पिष्टाचा रेणू अवजड. तेवढ्याच वजनाची साखर विरघळवली तर ती स्वतःच पाणी ओढून घेते, पिष्ट तसं ओढत नाही. ढाक्यात १९८०च्या दशकात लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम तांदळाचं पीठ शिजवून, त्यात क्षार घालून दिलं. कॉलऱ्याच्या रुग्णांचे जुलाब साध्या ग्लुकोजच्या ओआरएसपेक्षा कमी भरले. विषानं पचनाची एन्झाइमं खाल्ली असती तर हे घडलंच नसतं.

काका : आणि आमची आजी काय कमी होती? मीठ घालून पेज द्यायची. तिनं क्रेनचं नावही ऐकलं नव्हतं.

ताई : तुमची आजी पेज द्यायची, शेजारची आजी तोडते. दोघीही आज्याच. कोणती बरोबर, हे आज्यांना विचारून कसं कळणार?

काका हसले, पण माघार घेतली नाही. त्यांच्या भात्यात दोन नावं होती आणि ती दोन्ही भक्कम होती.

काका : हेमेंद्रनाथ चटर्जी. कलकत्ता. १९५३ साली लॅन्सेटमध्ये त्यांनी छापलं की १८६ कॉलरा रुग्णांना तोंडानं मीठ-ग्लुकोजचं पाणी दिलं. क्रेनच्या आधी सात वर्षं! दुसरे दिलीप महालनबीस. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या. त्यांनी कलकत्त्यात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पाण्यात कालवल्या आणि रुग्णांच्या नातलगांनाच पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६वर आलं. तिथं तुझं सायक्लेज कोण पाहून राहिलं होतं?

ताई : चटर्जींचं कोणी ऐकलं का? नाही ऐकलं. का नाही ऐकलं? कारण पाणी का शोषलं जातं हे त्यांना सांगता आलं नाही आणि त्यांच्या रुग्णांत अगदी अत्यवस्थ असे नव्हते. महालनबीस यांनी छावणीत जे धाडस केलं, त्याच्यामागे ढाका आणि कलकत्त्याच्या इस्पितळांत १९६०च्या दशकात झालेलं काम होतं. किती ग्लुकोजमागे किती सोडियम, हे मोजलेलं होतं. पुडीतलं प्रमाण अंदाजानं आलेलं नाही. १९७८ साली लॅन्सेटनं विसाव्या शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हणून गौरव केला, तो पुडीचा नव्हे, सोडियम-ग्लुकोजच्या जोडीचा.

काका : गौरवाचं नको सांगू. शंभुनाथ डेंना काय मिळालं?

यावर दोघंही थोडा वेळ गप्प झाले, कारण डे हा दोघांचाही हळवा कोपरा आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू ओळखला. हा जंतू विष सोडत असणार, असा त्यांचा कयास होता. पण विष हाती लागायला आणखी पंचाहत्तर वर्षं गेली. कलकत्त्याच्याच डेंनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडले. नंतर जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सोडला, तरी तुकडा पाण्यानं टम्म फुगला. १९५९ साली ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. उपकरणं अगदी बेताची होती. जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. १९८५ साली डे गेले तेव्हा आपल्याकडे फार थोड्यांना ते माहीत होते.

दुधाचा विषय मी काढला. शेजारच्या आजीनं पेज तोडली ते चूक, पण दूध तोडलं तेही चूक का?

ताई : आईचं दूध कधीच तोडायचं नाही. वरच्या दुधाचं उत्तर जंतू कोणता आणि त्यानं कुठे घाव घातला, त्यावर आहे. सगळे कॉलऱ्यासारखे सभ्य नसतात. कियोशी शिगा यांनी १८९७ साली जपानमध्ये रक्ती आवेचा जंतू शोधला. त्याच्या एका जातीचं विष घ्या. हे विष पेशीत शिरून रायबोसोमच्या आरएनएमधला नेमका एक अ‍ॅडेनीन उपटून काढतं. तेवढ्यानं प्रथिनं तयार होणं थांबतं. आणि काका, एरंडाच्या बीतलं रिसिन अगदी हेच करतं, त्याच जागी.

काका : एरंडाची बी न आवेचा जंतू, एकच डाव?

ताई : एकच. आता पचनाची एन्झाइमं म्हणजे प्रथिनंच. ती झिजतात, सारखी नवी करावी लागतात. कारखानाच बंद पडला तर कडेवर नवं सुक्रेज, लॅक्टेज कुठून येणार? सशाच्या आतड्यावर केलेल्या प्रयोगांत हे विष अंकुरांच्या पेशींवरच नेम धरतं असं दिसलं, कारण ते ज्या रेणूला चिकटतं तो तिथेच जास्त असतो. पचवणाऱ्या, शोषणाऱ्या पेशी त्याच. तळातल्या पाणी सोडणाऱ्या पेशी वाचतात. वरच्या गेल्या, खालच्या राहिल्या, म्हणजे पाणी येतं जास्त आणि जातं कमी. काही ई. कोलाय तर आणखी निराळे. आतड्याच्या पेशींना पसरून चिकटणाऱ्या एका गटाचा अभ्यास प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर झाला. पेशी मेल्या नव्हत्या, पण त्यांच्या कडेवरच्या सुक्रेजचं काम आणि नवं सुक्रेज तयार होणं, दोन्ही मंदावलेलं होतं.

मी : आणि दूध?

ताई : सगळ्यांत नाजूक लॅक्टेज. अंकुरांवरच्या पूर्ण वाढलेल्या पेशींतच ते असतं, त्यामुळे अस्तराला काही झालं की आधी ते जातं, सगळ्यांत शेवटी परत येतं. मग दुधातली साखर न तुटता खाली जाते, मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात. जुलाब फेसाळ, आंबट वासाचे होतात, पोराची जागा लाल होऊन सोलते. असं दिसलं तर वरचं दूध थोडे दिवस थांबवून दही द्यायचं. विरजणातल्या जंतूंनी थोडी साखर आधीच संपवलेली असते आणि ते स्वतःचं लॅक्टेजही घेऊन येतात. तसं दिसत नसेल तर दूध तोडायचं कारण नाही. त्या मुलाला मी दहीभात, पेज, ओआरएस आणि झिंक सांगितलं. झिंक चौदा दिवस.

काकांनी यावर वाद घातला नाही. ते उठून आत गेले आणि एक जुनी वही घेऊन आले. तीत एका पानावर दोन मडक्यांची आकृती होती, एकात एक घातलेली.

काका : हे आमचं शास्त्र. इथलं, नागपूरचं. वर्धा रोडवर नीरी आहे ना, ती १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झाली. नीरी हे नाव १९७४ साली आलं. विहिरीच्या क्लोरिनेशनसाठी त्यांनी हे दोन मडक्यांचं साधन काढलं. किलोभर ब्लीचिंग पावडर, दोन किलो जाडी रेती, ओली करून आतल्या मडक्यात भरायची. आतल्या मडक्याला काठाजवळ भोक, बाहेरच्याला बुडापासून चार सेंटिमीटरवर भोक, एकेक सेंटिमीटरचं. बाहेरच्याचं तोंड प्लास्टिकनं बांधायचं आणि दोरीनं पाण्याखाली मीटरभर सोडायचं. घरगुती विहीर असेल, साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी, रोजचा उपसा चारशे लिटरच्या घरात, तर दोन-तीन आठवडे क्लोरीन आपोआप पाझरत राहतं. याच्यात कोणत्या विषाचं नाव आहे का? नाही. सगळ्यांना एकच दवा.

ताई : सगळ्यांना नाही. लग्नाच्या पंगतीतला खवा घ्या. त्यात कोणाच्या हाताच्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस गेला आणि खवा रात्रभर उष्म्यात राहिला, तर विष खव्यातच तयार होतं. नंतर उकळून जंतू मेले तरी विष टिकतं. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू. तिथे तुमचं मडकं काय करणार?

काका : पंगतीवर माझी सत्ता नाही.

ताई : कॉलऱ्यात मात्र मडकं चालतं आणि त्याचंही कारण विषातच आहे. कॉलऱ्याचा जंतू जे विष माणसाला पाडतं ते मुख्यतः आतड्यात पोचल्यावर बनवतो. जंतू विहिरीतच मेला की खेळ संपला.

काका : मग २०२२च्या जुलैत चिखलदरा तालुक्यात काय झालं? पाचडोंगरी, कोयलारी. उघड्या विहिरीचं पाणी प्याले, कॉलरा पसरला, माणसं गेली. त्या दिवशी मेळघाटात सायक्लेज कोणाला पाहिजे होतं? ब्लीचिंग पाहिजे होतं.

यावर ताईकडे उत्तर नव्हतं आणि तिनं ते शोधलंही नाही. पण मेळघाटाचं नाव निघाल्यावर ती दुसऱ्याच गोष्टीकडे वळली आणि माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यांत महत्त्वाचं बोलणं तिथून पुढचं.

ताई : मेळघाटातली कुपोषित मुलं घ्या. त्यांना रोज जुलाब नसतात. पण जंतू थोडे थोडे, सारखे पोटात जात असतात. अशा मुलांचं आतडं पाहिलं तर अंकुर बुटके झालेले, कडेवरची एन्झाइमं कमी, अस्तर गळकं. एकच विष, एकच जंतू असं बोट दाखवता येत नाही. ओआरएसची पुडी इथे काही करत नाही. अन्न दिलं तरी ते पुरतं पचत, शोषलं जात नाही.

काका : म्हणून तर पाणी स्वच्छ पाहिजे! इथं मी जिंकलो.

ताई : थांबा. हे करून पाहिलंय. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत हजारो कुटुंबांवर मोठे प्रयोग झाले. २०१८-१९ साली निकाल आले. घरोघरी पाण्यात क्लोरीन, संडास, हात धुण्याची सोय. बांगलादेशात जुलाब कमी झाले. पण मुलांची उंची? तिन्ही देशांत कुठेच स्वच्छतेनं ती वाढली नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही मिटून म्हणाले,

काका : क्लोरीन म्हणजे गोळ्या दिल्या असतील. पाणी कुठलं होतं?

ताई : त्यांचं नेहमीचंच. विहिरी, हापसे, जिथून मिळेल तिथून.

काका : दारात नळ, चोवीस तास दाबानं पाणी, आणि मैला गावाबाहेर नेऊन टाकणारी गटार. हे कोणत्या गटाला दिलं होतं?

ताई : कोणत्याच नाही.

काका : मग प्रयोग कशाचा केला? पुडीचा. आम्ही नागपुरात गोरेवाड्याचं पाणी, कन्हानचं पाणी, मग पेंचचं पाणी आणलं, ते काय घरोघरी गोळ्या वाटून? मडकं हे तात्पुरतं होतं, मलाही माहीत होतं. मडक्यानं पटकी थांबते, पोर उंच होत नाही.

ताई : मान्य. पण नळ आला म्हणजे झिजलेलं आतडं आपोआप भरून येतं, हे तुम्ही कशावरून म्हणता? बुटके झालेले अंकुर किती दिवसांत उभे राहतात, लॅक्टेज परत येतं का, अन्न कोणतं द्यावं, हे कोणीतरी त्या कडेवरची एन्झाइमं मोजत बसल्याशिवाय कळणार नाही.

काका : मोज ना बाप्पा, मी काहून अडवू? पण तोवर विहिरीत मडकं सोडायला माणूस लागते, दर पंधरा दिवसांनी, डोंगर चढून. त्याच्या पगाराची मंजुरी तुझं खातं देते का माझं?